डीएसएलआरवरून मिररलेसवर जाताना कोणत्या लेन्स ठेवायच्या, कोणत्या घ्यायच्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यायचं ठरलं की बॉडीबद्दलचे प्रश्न लवकर मिटतात, खरा घोळ लेन्सचा असतो. खालचे प्रश्न मुख्यतः कॅनन आणि निकॉनच्या डीएसएलआरवाल्यांचे आहेत, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या बॅगेत या दोहोंपैकीच एक असतो. सोनी आणि फुजीचा विषय लागेल तिथे येईल. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे उत्तरं कुठल्या बाजूला झुकलेली आहेत ते कळेल. बॉडीबरोबर घाईने लेन्स घेऊ नका. आधी बॉडी आणि अडॅप्टर, मग एक सीझन जुन्याच लेन्सवर काम, आणि त्यानंतर खरेदी. याला एकच मोठा अपवाद आहे, तो चौथ्या प्रश्नात आहे.

१. नवीन बॉडी घेतली की जुन्या लेन्स बाद होतात का?

नाही. यामागचं कारण कळलं की पुढचे बरेच प्रश्न पडत नाहीत. डीएसएलआरमध्ये आरसा वर-खाली व्हायला लेन्स आणि सेन्सर यांच्यात जागा लागायची. म्हणून कॅननच्या ईएफ माउंटपासून (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते ते कडं) सेन्सर ४४ मिलिमीटरवर असतो आणि निकॉनच्या एफ माउंटपासून ४६.५ मिलिमीटरवर. आरसा गेल्यावर हे अंतर कमी करता आलं. कॅननच्या आरएफ माउंटला ते २० मिलिमीटर आहे, निकॉनच्या झेड माउंटला १६. हे दोन्ही माउंट २०१८ मध्ये आले. मधल्या फरकाइतकी, म्हणजे कॅननसाठी २४ आणि निकॉनसाठी ३०.५ मिलिमीटरची नळी मध्ये घातली की जुनी लेन्स सेन्सरपासून पूर्वीइतक्याच अंतरावर येते. अडॅप्टर म्हणजे ही नळी आणि तिच्यातले विजेचे संपर्क. आत काच नसते, त्यामुळे फोटोचा दर्जा घसरायला काही कारणच नाही.

उलटा प्रवास मात्र होत नाही. आरएफ किंवा झेड लेन्स जुन्या डीएसएलआरवर लागत नाही. कॅननच्या एम मालिकेवाल्यांचीही इथे अडचण होते. ईएफ-एम माउंटचं अंतर १८ मिलिमीटर, म्हणजे आरएफपेक्षाही कमी. नळी बसवायला जागाच उरत नाही. एम ५० सारख्या बॉडीवरून आर मालिकेत जाणार असाल तर त्या छोट्या लेन्स बॉडीसकट विकून टाका.

२. अडॅप्टर कंपनीचाच घ्यावा की स्वस्तातला चालेल?

कॅननचा साधा ईएफ-ईओएस आर अडॅप्टर ११० ग्रॅमचा आहे. त्याचे आणखी दोन प्रकार मिळतात. एकावर फिरवायचं कंट्रोल रिंग असतं, दुसऱ्यात मागच्या बाजूने फिल्टर सरकवता येतो. पुढची काच फुगलेली असल्यामुळे ज्या वाइड लेन्सवर फिल्टर लागत नाही, तिच्यासाठी हा दुसरा प्रकार खरोखर कामाचा आहे. बाकीच्यांना साधा पुरतो.

निकॉनमध्ये एफटीझेड आणि २०२१ मध्ये आलेला एफटीझेड २ असे दोन आहेत. कामात फरक नाही. पहिल्याला खाली ट्रायपॉडचा पाय आहे, जो बॅटरी ग्रिपला आणि हाताला आडवा येतो. दुसऱ्यात तो काढून टाकलाय. जुना स्वस्तात मिळाला तर बिनधास्त घ्या.

इतर कंपन्यांचे अडॅप्टर ५० एमएमसारख्या हलक्या लेन्सवर चांगले चालतात. पण दोन किलोची टेलिफोटो लावणार असाल तर पैसे वाचवायची ती जागा नाही. माउंटमध्ये थोडी जरी हालचाल राहिली तरी फोकस एका बाजूला सरकतो आणि दोष लेन्सला लागतो. शिवाय धूळ आणि पाण्यापासून थोडंफार संरक्षण कंपनीच्या अडॅप्टरला असतं, स्वस्तातल्यांना बहुधा नसतं.

३. माझी निकॉन ५० एमएम एफ/१.८ डी एफटीझेडवर फोकस का करत नाही?

कारण तिच्यात मोटरच नाही. निकॉनच्या एएफ आणि एएफ-डी लेन्सना फोकस करणारी मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत असायची. माउंटवरच्या स्क्रू-ड्रायव्हरसारख्या दांडीने ती लेन्स फिरवायची. डी७२०० किंवा डी७५० मध्ये ही दांडी आहे, डी३५०० आणि डी५६०० मध्ये नाही, आणि एफटीझेडमध्येही नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तर ऑटोफोकस चालेल. नुसतं एएफ किंवा शेवटी डी असेल तर हाताने फोकस करावा लागेल. एक्स्पोजर मात्र नीट येतं, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये कडा रंगवून दाखवणारं पीकिंग असल्यामुळे हाताने फोकस करणं डीएसएलआरपेक्षा सोपं जातं.

कॅननवाल्यांना ही कटकट नाही. १९८७ मध्ये ईएफ माउंट आणताना कॅननने मोटर लेन्समध्येच घातली. जुन्या ग्राहकांच्या लेन्स एका फटक्यात बाद झाल्या म्हणून तेव्हा लोक चिडले होते. आज त्या निर्णयाचं फळ असं की तेव्हाची ईएफ लेन्ससुद्धा आर मालिकेवर ऑटोफोकस करते. निकॉनने १९५९ पासूनचा एफ माउंट सांभाळला आणि त्याची किंमत आता डी लेन्सवाले मोजतायत.

४. क्रॉप सेन्सरवरून फुल फ्रेमवर जातोय. जुन्या लेन्स चालतील ना?

लागतील, पण ज्या कामासाठी फुल फ्रेम घेताय ते काम त्यांच्याकडून होणार नाही. हाच तो अपवाद.

कॅननची ईएफ-एस किंवा निकॉनची डीएक्स लेन्स क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमहून छोट्या, सेन्सरपुरतंच प्रतिबिंब टाकते. फुल फ्रेम बॉडी हे ओळखते आणि सेन्सरचा मधला भागच वापरते. कॅननमध्ये मेगापिक्सेलना २.५६ ने भागा (१.६ चा वर्ग), निकॉन आणि सोनीत २.२५ ने. म्हणजे आर८ किंवा आर६ मार्क २ चे २४ मेगापिक्सेल साडेनऊच्या आसपास येतात. निकॉन झेड६ वर साधारण १० उरतात, सोनी ए७ ४ च्या ३३ मधले १४. साडेनऊ मेगापिक्सेलमध्ये १२ बाय ८ इंची प्रिंट व्यवस्थित निघते, तेव्हा अगदीच टाकाऊ नाही. पण मग सेन्सरचा मोठेपणा, कमी उजेडातली ताकद, मागचा धूसरपणा यांसाठी मोजलेले पैसे वाया जातात. तुमची जुनी क्रॉप बॉडीच २४ मेगापिक्सेलचा फोटो देत होती.

आणखी एक अडचण आहे. इतर कंपन्यांच्या काही क्रॉप लेन्स बॉडीला ओळखू येत नाहीत. फोटोच्या चारही कोपऱ्यांत काळं दिसलं तर घाबरू नका, मेनूत जाऊन क्रॉप स्वतः चालू करा.

तेव्हा फुल फ्रेमचं बजेट करताना आधी लेन्सची रक्कम बाजूला काढा आणि उरलेल्यात बॉडी बघा. एक उत्तम बॉडी आणि तिच्यावर १८-५५ ही जोडी मी फार जणांकडे पाहिलीय. त्यांतल्या बहुतेकांनी क्रॉप बॉडी आणि एक चांगली प्राइम (झूम न होणारी लेन्स) घेतली असती तर फोटो जास्त चांगले आले असते. बॅगेत आधीपासूनच फुल फ्रेमच्या लेन्स असतील, म्हणजे ५० एफ/१.८, ८५ एफ/१.८, ७०-२००, १०० मॅक्रो, तर हा सगळा प्रश्न तुम्हाला लागू नाही.

५. आणि क्रॉपवरून क्रॉपवरच गेलो तर?

सगळ्यात कमी खर्चाचा रस्ता. ७०० डी किंवा २०० डी वरून आर१०, आर५०, आर७. डी५६०० वरून झेड५०. दृश्याची रुंदी तीच राहते आणि अडॅप्टर लावला की संसार जसाच्या तसा. फक्त पुढचा प्रश्न वाचा.

६. बॉडीतच स्टॅबिलायझेशन असतं ना आता? मग लेन्सचं बघायला नको.

स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, सगळ्या बॉडींत नसतं. कॅननमध्ये आर७ ला आहे. आर८, आर१०, आर५० ला नाही. निकॉनमध्ये झेड५, झेड६, झेड७ ला आहे, पण झेड३०, झेड५०, झेड एफसी या क्रॉप बॉडींना नाही. दुकानात "मिररलेस आहे म्हणजे असणारच" असं सांगितलं जातं. तिथेच मेनू उघडून बघा.

बॉडीत नसेल तर लेन्सच्या नावातलं आयएस किंवा व्हीआर अजूनही महत्त्वाचं. असेल तर तुमच्या जुन्या, स्टॅबिलायझेशन नसलेल्या ३५ आणि ५० च्या प्राइमना नवं आयुष्य मिळतं. देवळाच्या गाभाऱ्यात १/१० सेकंदाला हातात धरून काढलेला फोटोही टिकतो. लांब टेलिफोटोला मात्र लेन्समधलं स्टॅबिलायझेशनच जास्त उपयोगी पडतं, कारण ४००-५०० एमएमवर प्रतिबिंब इतकं हलतं की सेन्सर सरकवून ते सावरायला मर्यादा येतात.

यातलं काहीही समोरच्या माणसाला थांबवत नाही. ढोल-ताशा पथकातल्या ढोलावरच्या टिपऱ्या १/३० ला हललेल्याच येणार, बॉडी कितीही महाग असो. तिथे मोठं ॲपर्चर (लेन्समधलं उजेड येण्याचं छिद्र, एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) किंवा वाढवलेला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), एवढे दोनच उपाय.

७. जास्त मेगापिक्सेलवर जुन्या लेन्स उघड्या पडतात म्हणे?

अर्धं खरं. २४ मेगापिक्सेलवरून ४५ वर गेलात तर फोटोची रुंदी जेमतेम १.३७ पट होते. तेवढ्याच आकाराची प्रिंट काढली किंवा फोनवर फोटो पाहिला तर जुनी लेन्स पूर्वीपेक्षा वाईट दिसत नाही, झाली तर थोडी चांगलीच दिसते. संगणकावर शंभर टक्के मोठं करून बघितलं की मात्र कोपरे मऊ दिसतात, कारण तुम्ही आता जास्त जवळून बघताय.

क्रॉप सेन्सरवर हे जास्त जाणवतं. आर७ चे ३२.५ मेगापिक्सेल छोट्या सेन्सरवर इतके दाट बसलेत की तीच दाटी फुल फ्रेमवर पसरली तर ८३ मेगापिक्सेल होतील. फुजीफिल्मने ४० मेगापिक्सेलची क्रॉप बॉडी आणली तेव्हा तिचा पुरेपूर फायदा कुठल्या लेन्स देतील याची यादीच प्रसिद्ध केली होती. त्या यादीत नसलेल्या लेन्स फेकून द्या असा त्याचा अर्थ नव्हता, पण लोकांनी तसाच घेतला.

अशा बॉडीवर मऊ आलेल्या फोटोंत खरा गुन्हेगार बऱ्याचदा लेन्स नसतेच. हात हललेला असतो, शटर स्पीड कमी पडलेला असतो, किंवा एफ/१६ ला फोटो काढलेला असतो. इतक्या बारीक पिक्सेलवर एफ/११ च्या पुढे विवर्तनाने (छोट्या छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ होतं. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, लेन्सचं ॲपर्चर एक-दोन स्टॉप बंद करा, टायमर लावा आणि एखादी विटांची भिंत टिपा. तरी मऊ आली तर दोष लेन्सचा.

असा दोष निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त कुठे, तर कॅननच्या डबल किटमधल्या (बॉडीबरोबर मिळणाऱ्या दोन लेन्समधल्या) ७५-३०० मध्ये. ३०० ला ती मऊ असते हे जगजाहीर आहे आणि तिच्यात स्टॅबिलायझेशनही नाही. तिच्यासाठी अडॅप्टर घेऊ नका. ५५-२५० एसटीएम मात्र प्लास्टिकची दिसली तरी चांगली आहे, ठेवा.

८. जुन्या लेन्सचा ऑटोफोकस नव्या बॉडीवर सुधारतो का?

अचूकता सुधारते, वेग लेन्सच्या मोटरवर अवलंबून राहतो. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाखाली असायचा. त्याचं आणि मुख्य सेन्सरचं अंतर केसभर जरी चुकलं तरी डोळ्याऐवजी कानावर फोकस जायचा. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे पुढे-मागे फोकस जाण्याचा हा रोग संपला. आपली ८५ एफ/१.८ किंवा ५० एफ/१.४ पूर्ण उघडल्यावर मऊ येते अशी अनेकांची समजूत असते. अडॅप्टर लावून, डोळ्यावरचा फोकस चालू करून बघा. मी तरी "नवीन ८५ घेऊ का?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच करायला सांगतो, आणि बरेच जण परत विचारायला येत नाहीत.

डीएसएलआरचे बहुतेक फोकस पॉइंट एफ/५.६ च्या पुढे आंधळे व्हायचे, काही मोजके एफ/८ पर्यंत चालायचे. ती अटही गेली. म्हणूनच कॅनन २०२० मध्ये ६०० आणि ८०० एमएमच्या थेट एफ/११ लेन्स आणू शकली.

व्हिडिओ करणाऱ्यांनी मात्र कान देऊन ऐकावं. जुन्या ५० एफ/१.८ मार्क २ ची मोटर इतकी घरघरते की कॅमेऱ्याच्या माइकमध्ये तीच ऐकू येते. नावात एसटीएम किंवा एएफ-पी असेल, म्हणजे शांत मोटर असेल, तर हा त्रास नाही.

९. नुसती बॉडी घ्यावी की किट लेन्ससकट?

तुमच्याकडे १८-५५ एसटीएम किंवा १८-१३५ असेल तर नुसती बॉडी. कॅननची आरएफ-एस १८-४५ लहान आणि हलकी आहे, पण ती ४५ वरच संपते आणि तिथे ॲपर्चर एफ/६.३ असतं, म्हणजे जुन्या १८-५५ पेक्षाही एक पाऊल मागे. किट घ्यायचंच तर १८-१५० चं घ्या. निकॉनची झेड डीएक्स १६-५० मात्र घेण्यासारखी आहे. १३५ ग्रॅम वजन, १६ पासून सुरुवात, आणि किटमध्ये ती सुटी घेण्यापेक्षा खूप स्वस्त पडते.

१०. एकच नवीन लेन्स परवडणार आहे. कोणती?

हे तुमचे जुने फोटोच सांगतील. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती एमएमला, किती ॲपर्चरला काढला याची नोंद असते. लाइटरूममध्ये लेन्स आणि फोकल लेंग्थनुसार फोटो वेगळे काढता येतात. गेल्या वर्षभरात काढलेले सगळे फोटो बघू नका. छापलेले, कोणाला दिलेले, भिंतीवर लावलेले तेवढेच बघा. त्यांतले बहुतेक १८ ला असतील तर तुम्हाला वाइड कमी पडतेय. ५५ ला असतील तर लांबची हवीय. आयएसओ सगळीकडे ६४०० ला टेकलेला असेल तर प्रश्न लांबीचा नाही, उजेडाचा आहे आणि तुम्हाला एफ/१.८ ची प्राइम हवीय.

या हिशेबाने निघालेलं उत्तर बहुधा कंटाळवाणं असतं. क्रॉपवर ३५ एमएमच्या आसपासची प्राइम. घरातली मुलं, सणवार, रात्रीचे गणपती, जेवणाची ताटं, सगळं तिच्यात येतं. बघायला महागडी दिसत नाही ही तिची एकच उणीव.

११. पक्षी आणि जंगलासाठी काय घ्यावं?

इथे जुन्या लेन्सना सगळ्यात जास्त जीव आहे, म्हणून सावकाश सांगतो.

निकॉनची २००-५०० एफ/५.६ असेल तर विकू नका. २०१५ मधली ही लेन्स एफटीझेडवर उत्तम चालते आणि पूर्ण लांबीलाही एफ/५.६ देते. तोटा वजनाचा, २.३ किलो, आणि अडॅप्टर लावल्यावर सगळा भार आणखी पुढे जातो. नवीन झेड १८०-६०० तिच्यापेक्षा १०० एमएम लांब आणि किंचित हलकी आहे. झूम करताना ती बाहेर वाढत नाही, त्यामुळे तोल ढळत नाही. पण ६०० ला ती एफ/६.३ आहे. फरक पैशांच्या मानाने मोठा वाटत असेल तरच बदला.

कॅननमध्ये ईएफ १००-४०० मार्क २ आणि अडॅप्टर ही जोडी अजूनही भरवशाची. क्रॉप बॉडीवर तिची दृश्यरुंदी ६४० एमएमइतकी होते. आरएफ १००-४०० अवघी ६३५ ग्रॅमची आहे आणि हातात धरून दिवसभर फिरता येतं, पण ४०० ला ती एफ/८ आहे. भिगवणला हिवाळ्यात नावेत बसून सकाळी नऊ वाजता रोहित पक्षी टिपायचे असतील तर एफ/८ ने काहीही बिघडत नाही, पाण्यावर उजेड भरपूर असतो. तीच लेन्स घेऊन ताडोबात पहाटेच्या जिप्सीत बसलात तर गोष्ट वेगळी. बांबूच्या सावलीत वाघ चालत येतोय, एफ/५.६ ला आयएसओ ३२०० लागतो तिथे तुम्हाला ६४०० लागणार, आणि शटर स्पीड वाढवायचा म्हटला तर १२८००. वर्षातून एकदाच जंगलात जात असाल तर त्या दोन दिवसांसाठी लेन्स भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत भाड्याने देणारे बरेच आहेत.

आरएफ २००-८०० बद्दल फार विचारणा होते. ८०० ला एफ/९, वजन दोन किलोच्या थोडं वर. उघड्या माळरानावर, पाणथळ जागी, शिकारी पक्ष्यांसाठी मजा आणते. दाट झाडीत मी ती नेणार नाही.

सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० अडॅप्टरवर चालतात, पण आधी पुढचा प्रश्न वाचा. आणि उन्हाळ्यात जिप्सीत लेन्स बदलू नका. मिररलेसचा सेन्सर आरशाआड नसतो, ताडोबाची तांबडी धूळ थेट त्यावर बसते. काही बॉडी बंद केल्यावर शटर मिटून घेतात. आपल्या बॉडीत ती सोय आहे का ते मेनूत बघून ठेवा.

१२. सिग्मा-टॅमरॉनच्या जुन्या लेन्स चालतील का?

बहुतेक चालतात, पण हमी कोणी देत नाही. या कंपन्यांनी डीएसएलआरची भाषा स्वतः उलगडून लेन्स बनवल्या होत्या, नवीन बॉडी थोडी वेगळी बोलली की गडबड होते. फोकस अडकतो, स्टॅबिलायझेशन थरथरतं. यावर उपाय लेन्सच्या फर्मवेअरचा, म्हणजे तिच्यातल्या सॉफ्टवेअरचा. सिग्माच्या बऱ्याच लेन्सना यूएसबी डॉकने आणि टॅमरॉनच्या काहींना टॅप-इन कन्सोलने तो घरी चढवता येतो. तुमच्या ओळखीत कोणाकडे तरी डॉक असेल, विकत घ्यायची गरज नाही. आपली लेन्स दुकानात नेऊन त्याच बॉडीवर पंधरा मिनिटं चालवून बघा, आणि मगच बॉडीचे पैसे द्या.

मिररलेससाठीच बनवलेल्या त्यांच्या नव्या लेन्स सोनीला सगळ्यात जास्त मिळतात, निकॉन झेडलाही वाढतायत. कॅननने हे दार २०२४ मध्ये क्रॉप लेन्सपुरतं उघडलं. सिग्माची १८-५० एफ/२.८ आरएफमध्ये आली, आर१० किंवा आर५० वर ती फार शोभते.

१३. लग्नाची कामं करतो. सगळंच एकदम बदलू का?

नको. एक बॉडी बदला आणि जुनी डीएसएलआर दुसरी म्हणून ठेवा. तोपर्यंत ईएफ किंवा एफ लेन्सच चालवा, कारण त्या दोन्ही बॉडींवर लागतात. अंतरपाट धरलेला असताना एक बॉडी रुसली तर तीच २४-७० दुसरीवर चढवता आली पाहिजे. नवीन माउंटची लेन्स हे करू शकत नाही. दुसरी बॉडीही मिररलेस झाली की मग एकेक लेन्स बदलायला घ्या, आधी २४-७० एफ/२.८, कारण दिवसभर हातात तीच असते आणि वजनाचा फरक तिच्यातच कळतो. अडॅप्टर एकच घेऊन लेन्सगणिक हलवत बसू नका. प्रत्येक मिररलेस बॉडीला एक, कायमचा चिकटवलेला.

मंडपातल्या एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटर वापरलंत तर फोटोवर आडवे पट्टे येतात. लोक त्याचाही दोष अडॅप्टरला देतात. मेकॅनिकल शटर लावा.

१४. कासच्या फुलांसाठी नवीन मॅक्रो घ्यावी का?

जुनी १०० किंवा १०५ ची मॅक्रो असेल तर अजिबात नाही. मॅक्रोला ऑटोफोकसचा वेग लागतच नाही, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य मोठं करून हाताने फोकस करायची सोय मिररलेसमध्ये फारच सुखाची आहे. मॅक्रो नसेल तर एक वेगळी सूचना. कासला पायवाट सोडून फुलांत शिरायचं नसतं, त्यामुळे बऱ्याचदा जवळ जाताच येत नाही. आरएफ १००-४०० पूर्ण लांबीला वस्तू ०.४१ पट दाखवते. सोनकीचा ताटवा किंवा वाटेपासून दूरचं एकटं फूल टिपायला ती मॅक्रोपेक्षा सोयीची पडते.

१५. लेन्स सेकंड हँड घ्यावी का?

आत्ता तर नक्कीच. लोक मिररलेसकडे पळतायत, त्यामुळे ईएफ आणि एफ माउंटच्या उत्तम लेन्स बाजारात भरपूर आहेत आणि भाव उतरलेत. तुमच्याकडे अडॅप्टर आहे, म्हणजे हा सगळा माल तुमच्यासाठी खुला आहे. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात एक चक्कर मारली की अंदाज येतो.

तपासायचं कसं? मागचं झाकण काढा, ॲपर्चर उघडं ठेवा, फोनचा टॉर्च एका बाजूने तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. दोन-चार धुळीचे कण सगळ्याच जुन्या लेन्समध्ये असतात, त्यांना घाबरू नका. काचेत पांढरट धुकं असेल तर सोडून द्या. माउंटजवळच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर लेन्स कधीतरी उघडलीय. झूम लेन्स खाली तोंड करून धरा, आपोआप घसरते का बघा. मग आपल्या बॉडीवर लावून पूर्ण उघड्या ॲपर्चरला चारही कोपऱ्यांचा फोटो काढा. एक कोपरा इतरांपेक्षा जास्त मऊ असेल तर लेन्स कधीतरी पडलीय. बिल मिळालं तर घ्या आणि त्यावरचा सीरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी ताडून बघा.

१६. पावसाळ्यात या सगळ्या लेन्सचं काय करायचं?

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर हा प्रश्न पहिला हवा होता. बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते, वापरात असलेलीला क्वचित. म्हणून "कधीतरी लागेल" म्हणून जुन्या लेन्स साठवायच्याच असतील तर ड्राय कॅबिनेट घ्या आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. ते जमत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. रंग बदलला की जेल तापवून पुन्हा कोरडं करायचं. चामड्याच्या जुन्या डब्या टाकून द्या, बुरशीला त्या फार आवडतात. दोन पावसाळे हात न लागलेली लेन्स तिसऱ्याच्या आधी विका.

१७. वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या लेन्स लावता येतील?

येतील, आणि मिररलेसची खरी गंमत यातच आहे. एम४२ स्क्रूवाली हेलिओस ४४, पेंटॅक्स के, जुन्या निकॉर, सगळ्यांना साधे, विजेचे संपर्क नसलेले अडॅप्टर स्वस्तात मिळतात. ॲपर्चर लेन्सवरच्या कड्याने, फोकस हाताने. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर लेन्स किती एमएमची ते मेनूत स्वतः भरा, नाहीतर सेन्सर चुकीच्या मापाने हलतो.

१८. अडॅप्टर लावला तर कॅमेरा म्हणतो लेन्सच नाही. काय करू?

कॅमेरा बंद करा, लेन्स आणि अडॅप्टर दोन्ही काढा, सोनेरी संपर्क कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. आधी लेन्स अडॅप्टरवर टक आवाज येईपर्यंत फिरवा, मग अडॅप्टर बॉडीवर. बहुतेक वेळा पहिल्या जोडाचा टक झालेला नसतो. निकॉनची डी लेन्स असेल तर ॲपर्चरचं कडं सर्वात मोठ्या आकड्यावर, म्हणजे एफ/१६ किंवा एफ/२२ वर, लॉक केलेलं असायला हवं. फिल्म काळातली लेन्स असेल तर कॅननमध्ये आणि सोनीत लेन्सशिवाय शटर सोडायचा पर्याय मेनूतून चालू करावा लागतो. तरीही नाही चाललं तर त्याच अडॅप्टरवर मित्राची लेन्स लावून बघा. ती चालली तर दुखणं तुमच्या लेन्सचं, नाही चालली तर अडॅप्टर दुकानात परत.